बिनमताची उमेदवार

हिगाशी-कसाईच्या त्या अकरा मजली इमारतीत दुपारी बारा वाजता पुरुष शोधून सापडत नाही. दोनशे बारा घरांतले कर्ते पुरुष सकाळच्या गाड्यांत दाबून बसलेले, उभे राहिलेले, मध्य टोकियोला पोचलेले. मागे उरतात बायका, म्हाताऱ्या आणि कठड्यांवर उन्हाला टाकलेल्या गाद्या.

अशाच एका फेब्रुवारीतल्या मंगळवारी जमीन हलली. फार नाही, दूध उतू जायला लागतो तेवढाच वेळ. दिवे झुलले, भांड्यांनी एकमेकांना कोपरं मारली, आणि सगळं पुन्हा जागच्या जागी आलं. फक्त लिफ्ट थांबली ती थांबलीच, आणि थोड्या वेळाने नळ खाकरून कोरडे पडले.

सहाव्या मजल्यावरची सुप्रभा नळाखाली रिकामी कळशी धरून उभी होती, तेव्हा वरून ठण ठण आवाज आला. नवव्या मजल्यावरच्या कुराशिमा-सान, वय वर्षं एक्क्याण्णव, कठड्यावर पळी आपटत होत्या.

"सुप्रभा-सान! फाटकाशी पाणी वाटतायत. मला मेसेज आलाय. पण मी उतरू कशी?"

आणि खरंच, फाटकाशी पिण्याच्या पाण्याची टाकी उभी होती आणि तिच्याशी काळं कुत्रं नव्हतं. रहिवासी संघाने मेसेज पाठवला होता, अगदी वेळेवर, अगदी नम्र भाषेत. पण तो गेला होता दोनशे बारा कुटुंबप्रमुखांना. म्हणजे बहुतेक मारुनोउचीच्या ऑफिसांत, म्हणजे नागोयाच्या मोटार कारखान्यात. ज्यांना जिना उतरता येत होता त्यांना ठाऊक नव्हतं, आणि ज्या म्हाताऱ्यांना ठाऊक होतं त्यांना जिना उतरता येत नव्हता. कुराशिमा-सानना मेसेज आला तो एवढ्याचसाठी, की नवरा गेल्यावर घराच्या प्रमुख त्याच झाल्या होत्या.

सुप्रभाने त्या दिवशी अकरा खेपा केल्या. स्वतःच्या घरी दोन, वरच्या-खालच्या म्हाताऱ्यांकडे नऊ. तिच्या सासूबाई जयमालाबाई, मंचरहून तीन महिन्यांच्या व्हिसावर आलेल्या, जिन्याच्या वळणावर बसून होत्या. त्यांच्या तोंडून ओवी कधी निघेल याचा नेम नसे.

*नवव्या माळ्यावरी, पाण्याची गं घागर,*
*सून माझी चढे, जिन्याचा डोंगर*

"आई, गाऊ नका, एक बाटली तरी धरा," सुप्रभा धापा टाकत म्हणाली.

"धरते की. पण गायलं की वजन कमी होतं."

संध्याकाळी पाच वाजता नागोयाहून सौमित्रचा फोन आला. नवरा नोकरीपायी तिकडेच राहणारा, बिचारा दिवसभर मीटिंगमध्ये, फोन बंद. "अगं सुप्रभा, पाणी गेलंय का आपल्याकडे?"

"जाऊन आलंसुद्धा," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ती संघाच्या ऑफिसात गेली. अध्यक्ष ओगिवारा-सान चौऱ्याहत्तर वर्षांचे, इस्त्रीच्या शर्टाचे, मऊ बोलणारे. त्यांनी उठून तिला खुर्ची दिली, चहा दिला, तिचं सगळं ऐकून घेतलं, दोनदा दिलगिरी व्यक्त केली. ती म्हणाली, "मग यादीत घरात राहणाऱ्यांचेही नंबर घाला ना."

"सूचना फार चांगली आहे," ओगिवारा-सान म्हणाले. "मिस्टरांना सांगा, त्यांनी लेखी द्यावी. सदस्य ते आहेत."

त्यांच्या बोलण्यात उणं असं काही नव्हतं. म्हणूनच सुप्रभाला जिना चढताना जास्त राग आला. घरी येऊन तिने खण उपसला आणि संघाच्या नियमांची पुस्तिका शोधून काढली. सहा वर्षांत ती कुणी उघडली नव्हती. पानं एकमेकांना चिकटून बसलेली. तिची अकरा वर्षांची अपूर्वा शाळेतून आली तशी दोघी जमिनीवर पालथ्या पडून वाचायला लागल्या. अडेल ते अक्षर लेक सोडवी.

नियम सातवा: एक घर, एक मत, मत कुटुंबप्रमुखाचं. नियम नववा: पदाधिकारी निवडावेत रहिवाशांमधून.

"थांब, थांब," सुप्रभा म्हणाली. "परत वाच. कुटुंबप्रमुखांमधून?"

"नाही ग आई. रहिवासी लिहिलंय. म्हणजे जो राहतो तो." अपूर्वाने भुवया वर केल्या आणि पुढचं जपानीत म्हणाली, "विचित्रच आहे. म्हणजे तुला मत देता येत नाही, पण तू अध्यक्ष होऊ शकतेस."

सुप्रभा उठून बसली. कॉलेजात कधीतरी वाचलेलं आठवलं तिला, की मताचा हक्क मिळण्याआधीच काही देशांतल्या बायका निवडणुकीला उभ्या राहिल्या होत्या. तेव्हा ते वाक्य परीक्षेपुरतं होतं. चार मार्क मिळाले नि विसरलं गेलं. आज ते वाक्य तिच्यासमोर जमिनीवर उघडं पडलं होतं.

"मी उभी राहते," ती म्हणाली.

जयमालाबाई भाजी निवडत होत्या. "कुठे?"

"निवडणुकीला. अध्यक्षपदाला."

"मत कुणाला देशील?"

"मला मतच नाही, आई."

"अगो बाई! जेवणाच्या पंक्तीला पान नाही, आणि वाढायला उभी राहतेय!" सासूबाई हसता हसता थांबल्या. मेथीची काडी हातात तशीच. "पण खरं सांगू का, वाढणारीला पान नसलं तरी पळी तिच्याच हातात असते. राहा उभी."

बातमी कुराशिमा-सानना सांगायला सुप्रभा वर गेली. म्हातारीने पाय पोटाशी घेतले. "या देशात बायकांनी पहिल्यांदा मत दिलं तेव्हा मी बारा वर्षांची होते. आईचा हात धरून गेले होते. तिने परत येताना माझा हात इतका घट्ट धरला होता की दुखला. मग माझं लग्न झालं, उतारवयात मी या इमारतीत आले, आणि इथे मला मत मिळालं ते नवरा गेला त्या दिवशी. चांगला होता हो बिचारा. पण मतासाठी माणूस मरायची वाट बघायची म्हणजे जरा जास्तच झालं, नाही का?" त्या खुदकन हसल्या. "या इमारतीत आम्ही एकट्या राहणाऱ्या एकतीस जणी आहोत. एकतीस मतं. सांगते मी त्यांना."

अर्ज दिला त्या दिवशी ओगिवारा-सानांचा चहाचा कप ओठांपर्यंत जाऊन तसाच थांबला. बत्तीस वर्षांत या इमारतीत निवडणूक अशी झालीच नव्हती. अध्यक्ष पुढच्या वर्षाचं नाव सुचवत, बहुतेकदा स्वतःचंच, आणि सभा टाळ्या वाजवी. झालं. त्यांनी पुस्तिका उघडली, नववा नियम बोट ठेवून वाचला, चष्मा काढून पुसला, पुन्हा वाचला. मग अर्जावर तारखेचा शिक्का मारला आणि वाकून म्हणाले, "स्वीकारला."

एप्रिलमध्ये चेरीचा बहर गळून गेला, शाळा सुरू झाल्या, आणि घरोघर फिरणारी सूचनांची फळी सहाव्या मजल्यावर आली. आपल्याकडे वाचून झालं की शेजारच्या दाराला अडकवायची, अशी इथली रीत. फळीला सभेची सूचना होती आणि खाली एक चिठ्ठी, दर वर्षी असते तशी. सभेला येणार नसाल तर शिक्का मारून पेटीत टाका.

सुप्रभाने सवयीने खण उघडला, सौमित्रच्या नावाचा शिक्का काढला, लाल शाईत टेकवला. हात चिठ्ठीवर आला आणि तिथेच थबकला. सहा वर्षं ही चिठ्ठी ती पोहोच म्हणून भरत आली होती. सूचना मिळाली, धन्यवाद, एवढंच. आज पहिल्यांदा तिने ती अक्षरं वाचली.

*माझं मत मी ______ यांच्याकडे सोपवतो. नाव न लिहिल्यास ते अध्यक्षांकडे जाईल.*

तिने तसाच शिक्का हातात घेऊन शेजारच्या अनघाचं दार वाजवलं. "अनघा, ही चिठ्ठी तुमच्याकडे कोण भरतं?"

"मी. धीरजला कुठे वेळ? ती सूचनेची पोहोच आहे ना?"

"पोहोच नाही ग! मत आहे! आपण सहा वर्षं आपल्या हाताने, न वाचता, मतं उचलून त्यांच्या ओंजळीत टाकतोय!"

अनघा दारातच मटकन खाली बसली आणि हसायला लागली. हसता हसता डोळ्यांतून पाणी. "म्हणजे मताचा हक्क नाही म्हणून आपण रडायचं, आणि शिक्का आपल्याच खणात!"

"आणि रिकाम्या जागेत कुणाचंही नाव चालतं. खाली बघ. कुणीही अन्य रहिवासी."

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. मग अनघा उठली, चपला घातल्या. "चल. पाचव्यापासून सुरू करू की अकराव्यापासून?"

ते दोन आठवडे म्हणजे नुसती धांदल. नवऱ्यांच्या संमतीशिवाय एकही चिठ्ठी घ्यायची नाही, असं सुप्रभाने पहिल्याच दिवशी ठरवलं. चोरून शिक्का मारला तर आपण आणि ती रिकामी जागा सारखेच. त्यामुळे शनिवार-रविवार घराघरांत जाऊन कर्त्या पुरुषांना समोर बसवून समजावणं आलं.

"वहिनी, आपण काय, दोन वर्षांत परत जाणार," धीरज म्हणाला.

"सहा वर्षं हेच म्हणतोयस," आतून अनघा. "भूकंप काय तुझं परतीचं तिकीट बघून येणार आहे?"

"अगं, मी नाही कुठे म्हणालो? कुठे मारू शिक्का?"

सगळीकडे असं सोपं नव्हतं. एका घरी यजमान म्हणाले, परक्या देशात असला पुढारपणा बरा नव्हे. एकाने पुस्तिकाच मागितली आणि तासभर वाचून मग सही केली. आणि कितीतरी दारांत उत्तर एकच, वाईट वाटणारं: चिठ्ठी कधीच पेटीत गेली हो, रिकामी. अशा गेलेल्या चिठ्ठ्या एकोणऐंशी होत्या.

जपानी घरांत जयमालाबाई बरोबर जायच्या. भाषा शून्य. त्या दारात कमरेतून वाकायच्या, मराठीत म्हणायच्या, "माझी सून आहे. पाणी हिनेच आणलं होतं," आणि पुन्हा वाकायच्या. समोरची बाईही वाकायची. चारदा वाकून झालं की कुणालाच नाही म्हणवत नसे. परत येताना लिफ्टमध्ये ओवी व्हायची.

*धनी गेला कामा, शिक्का उंबऱ्याशी,*
*ज्याच्या हाती शिक्का, राज त्याच्यापाशी*

एकच चिठ्ठी अडून होती: घरचीच.

"शिक्का खणात आहे, मार ना," सौमित्र फोनवर म्हणाला. "मी कधी नाही म्हणालोय?"

"या वेळी मी नाही मारणार. सहा वर्षं मीच मारला. तुझं मत आहे, तू दे. मला देऊ नकोस वाटलं तर नको देऊ."

"नागोयाहून येऊ? एका शिक्क्यासाठी?"

"तू ठरव."

त्याने घसा खाकरला. मग, "ओगिवारा-सान चांगले आहेत ग. मला घर मिळालं तेव्हा किती धावपळ केली त्यांनी."

"चांगले आहेतच. म्हणून तर म्हणते, तू ठरव."

फोन ठेवल्यावर तिच्या लक्षात आलं, की बासष्ट दारांत जे बोलली त्याहून हे चार शब्द जड गेले. बासष्ट चिठ्ठ्या जमल्या होत्या. दुसऱ्या दिवशी अकराव्या मजल्यावरून एक आली. त्रेसष्ट.

सभेचा रविवार उजाडला लख्ख. तळमजल्याच्या सभागृहात घडीच्या खुर्च्या मांडलेल्या, दाराशी चपलांची रांग, प्रत्येक खुर्चीवर चहाची छोटी बाटली. एरवी पंधरा माणसं यायची. आज सत्तावन्न कुटुंबप्रमुख स्वतः आले होते, आणि भिंतींना टेकून बिनमताच्या बायका, इतक्या, की खिडक्यांवर वाफ धरली. पुढच्या तीन रांगांत कुराशिमा-सान आणि त्यांच्या मैत्रिणी. एकतीसपैकी सव्वीस जणी आल्या होत्या, कुणी काठीवर, कुणी चाकांच्या ढकलगाडीवर टेकून, एक तर शेजारणीच्या पाठुंगळी.

सुप्रभाने चिठ्ठ्यांचा गठ्ठा टेबलावर ठेवला तसे एक गृहस्थ उभे राहिले. "ज्यांना स्वतःला मत नाही, त्यांच्या हाती दुसऱ्यांची मतं कशी?"

ओगिवारा-सानांनी पुस्तिका उचलली. त्यांनी नियम मोठ्याने वाचला, शब्द न् शब्द, आवाज न चढवता. "'कुणीही अन्य रहिवासी' असंच आहे. हा नियम बत्तीस वर्षांपूर्वी मीच लिहिला." त्यांनी पुस्तिका मिटली. "तेव्हा माझ्या मनात काय होतं ते आज आठवत नाही. पण जे लिहिलंय ते लिहिलंय. चिठ्ठ्या ग्राह्य आहेत."

भिंतीकडून एक मोठा श्वास सुटला.

मग सुरू झाली एक मजा, जी त्या इमारतीत अजून सांगतात. सोपवलेलं प्रत्येक मत वेगळ्या कागदावर लिहायचं असा नियम. शेजारी शेजारी दोन टेबलं. एका टेबलावर ओगिवारा-सान आपलं नाव लिहितायत, एकोणऐंशी वेळा. दुसऱ्यावर सुप्रभा आपलं, त्रेसष्ट वेळा. दोघंही मान खाली घालून, शाळेत शिक्षा झालेल्या मुलांसारखी. पहिल्या दहा कागदांना सुप्रभाला इतकी लाज वाटली की कान तापले. स्वतःचं नाव पुन्हा पुन्हा लिहायचं, मोठ्या अक्षरांत, सगळ्यांदेखत! माहेरच्या शाळेत वहीवर लिहिलं होतं शेवटचं. मग लग्नाच्या पत्रिकेवर कुणीतरी छापलं. विसाव्या कागदाला लाज सरली. तिसाव्याला हात दुखायला लागला. चाळिसाव्याला तिला कळलं, की हे तिचं नाव खरं, पण प्रत्येक कागदामागे एक दार आहे: हे पाचव्या मजल्यावरचं, हे त्या तासभर पुस्तिका वाचणाऱ्याचं, हे धीरजचं. तिचं स्वतःचं मत तेवढं त्यात नव्हतं.

"जपानीत तुमची अक्षरं चारच," ओगिवारा-सान मान वर न करता पुटपुटले. "माझी फार रेघांची आहेत."

"मदत करू?" ती म्हणाली, आणि दोघंही हसू दाबून पुन्हा लिहायला लागली.

पेटी बंद व्हायला पाच मिनिटं असताना दार उघडलं. सौमित्र. ऑफिसचाच शर्ट, पाठीला सॅक, नागोयाहून पहिल्या गाडीने निघालेला. त्याने रजिस्टरवर सही केली, कागद घेतला, कोपऱ्यात पाठ वळवून लिहिला, चार घड्या घातल्या आणि पेटीत टाकला. बायकोकडे त्याने पाहिलंही नाही. फक्त परत जाताना कानात म्हणाला, "गुप्त मतदान आहे बाईसाहेब, सांगणार नाही."

मोजणी सुरू झाली. पांढऱ्या फळ्यावर दोन नावं, आणि खाली रेघा. पाच रेघांचं एक अक्षर पूर्ण झालं की पुढचं सुरू. एक बाई कागद उलगडून वाची, एक मुलगी रेघ ओढी. जयमालाबाईंना लिपी येत नव्हती, पण पाचाची घरं कळायला लिपी कशाला लागते? त्या भिंतीशी उभ्या राहून बोटांवर मोजायला लागल्या, मग मोठ्याने, मग सगळ्या मराठी बायका त्यांच्यामागून.

ओगिवारा-सान पुढे. दहा घरं, बारा घरं. सुप्रभा मागे, आठ. मग कागद असे उलगडत गेले की तिच्याच रेघा, तिच्याच रेघा. पंधरा. ओगिवारा-सान सतरा. सुप्रभा सतरा. अपूर्वाने आईचा कोपर पकडला होता आणि नखं रुतत होती.

*काळ्या काळ्या रेघा, उभ्या आडव्या मांडी,*
*माझ्या गं लेकीची, भरली उतरंडी*

सून म्हणायच्या जागी लेक आलं ते जयमालाबाईंच्या ध्यानात आलं की नाही, कोण जाणे. कुणाच्याच आलं नाही. एकोणीस. एकोणीस. पेटीत हात घालणारी बाई तळ चाचपायला लागली.

शेवटचा कागद. शेवटची रेघ.

ओगिवारा-सान अठ्ठ्याण्णव. सुप्रभा एकशे दोन.

मग कुराशिमा-सान काठीवर जोर देऊन उभ्या राहिल्या आणि त्या कोरड्या, बारीक तळव्यांनी टाळी वाजवली. मग पुढच्या तीन रांगा. मग भिंती. अनघा ओरडली, "जिंकलो ग!" आणि धीरजने तिला आवरायच्या ऐवजी शिट्टी मारली. ओगिवारा-सान उठले, टाळ्या थांबेपर्यंत थांबले, आणि अगदी खोल वाकले. वर आले तेव्हा डोळे ओले होते, पण आवाज सरळ. "अध्यक्ष, खुर्ची."

सुप्रभाच्या खिशात एक कागद होता. हरल्यावर म्हणायचे आभार तिने चार दिवस पाठ केले होते. जिंकल्यावर काय म्हणायचं याचा एक शब्द तिच्याकडे नव्हता. ती खुर्चीपाशी गेली, बसली नाही, समोरचा सभेचा कागद उचलला.

"विषय दुसरा," ती म्हणाली. "कचऱ्याच्या जागेला कावळ्यांसाठी नवी जाळी. बाजूने असणाऱ्यांनी हात वर करावेत."

हात वर झाले. ती मोजायला लागली. कुराशिमा-सानांचा हात, धीरजचा, ओगिवारा-सानांचासुद्धा, मागच्या रांगेत सौमित्रचा. भिंतीला टेकलेल्या बायकांचे हात खाली होते. तिचाही. हात मोजायचा अधिकार तिला मिळाला होता, वर करायचा नव्हता.

तिने एक्केचाळीस लिहिलं. मग तोच पेन पुढच्या कोऱ्या कागदावर नेला, वर "पुढील सभा" लिहिलं, त्याखाली लिहिलं: विषय पहिला, नियम सातवा बदलणे. आणि कागद शेजारी बसलेल्या ओगिवारा-सानांकडे सरकवला, कारण नियमाची भाषा त्यांच्याइतकी नेमकी कुणाला येत नव्हती.

त्यांनी तो वाचला. खिशातून चष्मा काढला, पुसला, चढवला.

"मसुदा करायला वेळ लागेल," ते म्हणाले. "मंगळवारी याल? चहा मी करतो."

"मंगळवारी," सुप्रभा म्हणाली, आणि सभेकडे वळली. "विषय तिसरा."